६.७४, १२.७ की १८ टक्के? अ‍ॅपवरचा परतावा वाचायचा कसा

प्रश्न थोडक्यात असा: एका इक्विटी फंडात वर्षभर दरमहा १०,००० रुपयांची एसआयपी केली. भरले १,२०,००० आणि आजचं मूल्य १,२८,०९३. अ‍ॅपवर ठळक अक्षरात ‘एकूण परतावा ६.७४%’ दिसतो, त्याखाली बारीक अक्षरात ‘एक्सआयआरआर १२.७%’, आणि फंडाच्या पानावर तीन वर्षांचा परतावा १८%. एफडीला सात टक्के मिळत असताना ६.७४ साठी बाजाराची जोखीम कशाला घेतली, असं घरचे विचारतात. यातला खरा आकडा कोणता?

तिन्हींचं गणित बरोबर आहे. पण एफडीच्या सात टक्क्यांशेजारी ठेवण्याजोगा आकडा एकच, १२.७.

कारण सोपं आहे. एफडीत पहिल्या दिवशी पूर्ण रक्कम ठेवली जाते आणि ती वर्षभर व्याज कमावते. एसआयपीत पहिला हप्ता बारा महिने कामाला लागला, दुसरा अकरा, तिसरा दहा, आणि शेवटचा फक्त एक महिना. १२ + ११ + १० असं एकपर्यंत मोजलं की ७८ होतात. म्हणजे १०,००० रुपये ७८ महिने, किंवा वर्षाच्या हिशेबात सरासरी ६५,००० रुपये वर्षभर गुंतलेले होते. ८,०९३ चा नफा या ६५,००० वर झाला आहे. भागाकार केला की १२.४५% येतो. ही कच्ची पद्धत झाली, पण वहीच्या कोपऱ्यात दोन मिनिटांत होते आणि अ‍ॅपचा आकडा पटण्याजोगा आहे की नाही ते लगेच कळतं. यातच चक्रवाढ धरली की आकडा १२.७ च्या आसपास जातो. (वरचं उदाहरण दरमहा बरोबर १% वाढीचं आहे, १.०१ चा बारावा घात १.१२६८.)

‘एकूण परतावा’ या आकड्यात वेळ कुठेच नाही. नफा भागिले भरलेली रक्कम, एवढंच. वीस वर्षांपूर्वी घेतलेला प्लॉट आज चौपट किमतीला विकला, तर एकूण परतावा ३००% दिसतो. त्याला वीसने भागून ‘वर्षाला १५ टक्के सुटले’ असं सर्रास बोललं जातं. वार्षिक चक्रवाढ दर काढला तर तो ७.१८% निघतो. चौपट म्हणजे दोनदा दुप्पट, प्रत्येक वेळी दहा वर्षं. ७२ भागिले १० हा जुना ठोकताळाही ७.२ च देतो. एकदाच पैसे घातले आणि एकदाच काढले, मधे काही आत-बाहेर झालं नाही, तर हा वार्षिक चक्रवाढ दर, म्हणजे सीएजीआर, पुरेसा आहे. पैसे वेगवेगळ्या तारखांना आले-गेले की सीएजीआर लागू पडत नाही आणि तिथे एक्सआयआरआर लागतो.

एक्सआयआरआर म्हणजे काय ते असं समजा. तुम्ही सगळे हप्ते म्युच्युअल फंडाऐवजी एका कल्पित बचत खात्यात, त्याच तारखांना, तेवढेच भरले असते, आणि मधे काढलेले पैसेही त्याच तारखांना काढले असते. त्या खात्याने वर्षाला किती चक्रवाढ व्याज दिलं असतं म्हणजे आज खात्यात नेमके १,२८,०९३ शिल्लक राहिले असते? तो दर म्हणजे एक्सआयआरआर. हा दर थेट सूत्राने निघत नाही, संगणक अंदाज घेत घेत त्याच्याजवळ पोचतो.

अ‍ॅपवर विसंबण्याऐवजी एकदा तरी हा हिशेब स्वतः एक्सेल, गूगल शीट्स किंवा लिबरऑफिस कॅल्कमध्ये करून बघा. तिन्हींत XIRR नावाचं हे फंक्शन आहे. आधी फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॅम्स आणि केफिनटेक या कंपन्यांचं एकत्रित विवरण, म्हणजे सीएएस, ईमेलवर मागवा. मागवताना ‘तपशीलवार’ निवडा, कालावधी पहिल्या गुंतवणुकीच्या आधीपासूनचा द्या आणि शिल्लक शून्य असलेले फोलिओही (फंडातली खाती) धरा. नाहीतर विकून मोकळे झालेले फंड विवरणात येतच नाहीत आणि पुढचं सगळं गणित एकांगी होतं. मग दोन रकाने करा. डावीकडे तारीख, उजवीकडे रक्कम. खिशातून गेलेला प्रत्येक रुपया उणे, हातात आलेला अधिक. शेवटच्या ओळीत ज्या दिवसाची एनएव्ही (एका युनिटची किंमत) घेतली ती तारीख आणि त्या दिवसाचं एकूण मूल्य, अधिक चिन्हाने. फंक्शनला आधी रकमांचा रकाना द्यायचा, मग तारखांचा. उत्तराच्या खान्याला टक्केवारीचं स्वरूप द्या.

रक्कम लिहिताना बँकेतून गेलेली पूर्ण रक्कम लिहा. १ जुलै २०२० पासून युनिट खरेदीवर ०.००५% मुद्रांक शुल्क लागतं, त्यामुळे १०,००० च्या हप्त्यातले ९,९९९.५० रुपयेच युनिटांत जातात. आठ आण्यांनी एक्सआयआरआर हलत नाही, पण विवरणातल्या दोन वेगळ्या ओळी पाहून पुष्कळ लोक गोंधळतात. फंडाचा खर्च मात्र वेगळा वजा करू नका. तो एनएव्हीतून रोजच्या रोज कापलेला असतो.

शीटमध्ये चुका ठरावीक जागीच होतात. सर्वांत जास्त चुका तारखांत. आपण ०५-०४-२०२३ म्हणजे ५ एप्रिल लिहितो, आणि संगणकाची प्रादेशिक मांडणी अमेरिकन असेल तर तो ४ मे वाचतो. १३ ते ३१ या दिवसांना तर तो तारीखच मानत नाही, मजकूर म्हणून ठेवतो. ओळखायची खूण: रकान्याला स्वतःहून डावी-उजवी मांडणी दिलेली नसेल तर खरी तारीख खान्यात उजवीकडे चिकटते आणि मजकूर डावीकडे. रकान्यात काही तारखा डावीकडे, काही उजवीकडे दिसल्या तर तिथेच थांबा. दुसरी चूक चिन्हांची. सगळ्या रकमा एकाच चिन्हाच्या असतील तर फंक्शन त्रुटी दाखवतं. तिसरी जागा जास्त फसवी आहे: मोठा तोटा असताना एक्सेल कधी कधी त्रुटी न दाखवता ०.००% असं उत्तर देऊन मोकळं होतं. तो परतावा शून्य नसतो, गणित अडकलेलं असतं. अशा वेळी फंक्शनला तिसरी किंमत म्हणून स्वतःचा अंदाज द्या, उदाहरणार्थ उणे ०.१, आणि उत्तर पुन्हा बघा. पहिल्याच ओळीत शून्य रक्कम असली तरी असा घोटाळा होतो. ती ओळ काढून टाका.

आता फंडाच्या पानावरच्या १८ टक्क्यांकडे. तो आकडा तुमच्या पैशांचा नाही, फंडाच्या एका युनिटचा आहे. तीन वर्षांपूर्वी एकरकमी घेतलेलं युनिट आज किती वाढलं, ते तो सांगतो. गुंतवणूकदारांनी पैसे कधी घातले, कधी काढले, हे व्यवस्थापकाच्या हातात नसतं, म्हणून त्याची कामगिरी मोजताना ही आवक-जावक बाजूला काढतात. या मापाला कालभारित परतावा म्हणतात. एक्सआयआरआर हा रक्कमभारित: ज्या काळात जास्त पैसे आत होते, त्या काळाला जास्त वजन. ‘पोर्टफोलिओ परफॉर्मन्स’ हे जर्मनीत तयार झालेलं मोफत सॉफ्टवेअर हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी दाखवतं आणि ते कशासाठी, असा प्रश्न वापरणाऱ्यांना पडतो. खालचं उदाहरण कागदावर करून बघण्यासारखं आहे.

समजा १ जानेवारी २०२२ ला १० रुपये एनएव्हीने १ लाख गुंतवले. वर्षभरात एनएव्ही १५ झाली. पन्नास टक्के वाढ पाहून १ जानेवारी २०२३ ला आणखी ५ लाख घातले. पुढच्या वर्षी बाजार उतरला आणि १ जानेवारी २०२४ ला एनएव्ही १२ वर आली. फंडाच्या दृष्टीने १० चे १२ झाले, दोन वर्षांचा वार्षिक दर ९.५४%. तुमच्याकडे पहिली १०,००० युनिटं आणि नंतरची ३३,३३३.३३, मिळून ४३,३३३.३३, गुणिले १२ म्हणजे ५,२०,०००. भरले ६ लाख, ८०,००० चा तोटा. एकूण परतावा उणे १३.३३%, एक्सआयआरआर उणे ११.६२%.

फंड साडेनऊ टक्क्यांनी वाढला आणि त्याच फंडात तुम्ही साडेअकरा टक्क्यांनी मागे. ‘अ‍ॅप चुकीचं दाखवतंय’ अशा तक्रारी इथूनच येतात. अ‍ॅप इथे अगदी बरोबर आहे, आणि या दोन आकड्यांमधलं अंतर ही त्यातली सर्वांत मोलाची माहिती आहे. फंडाचा आकडा चांगला आणि तुमचा वाईट असेल तर फंड बदलून काही साधणार नाही. पैसे कधी घातले तिकडे बघायला हवं. दोन्ही वाईट असतील तर फंडाकडे बघायचं. उलटही होतं: पडत्या बाजारात एसआयपी चालू ठेवलेल्यांचा एक्सआयआरआर, पुढे बाजार सावरला की, फंडाच्या परताव्यापेक्षा वर जाऊ शकतो.

म्हणूनच स्वतःचा एक्सआयआरआर घेऊन तो निफ्टीच्या तीन वर्षांच्या वार्षिक दराशी ताडणं चूक आहे. एक रक्कमभारित, दुसरा कालभारित. योग्य तुलना अशी: तुमच्या शीटमध्ये तिसरा रकाना करा. प्रत्येक व्यवहाराच्या तारखेला निर्देशांकाची टीआरआय किंमत, म्हणजे लाभांश धरून काढलेली किंमत, लिहा. रक्कम भागिले ती किंमत, एवढी ‘निर्देशांकाची युनिटं’ घेतली असं माना. पैसे काढले असतील तिथे तेवढी वजा करा. शेवटी उरलेली युनिटं गुणिले आजची टीआरआय किंमत. तेच हप्ते, त्याच तारखा, फक्त शेवटचं मूल्य हे. त्यावर पुन्हा एक्सआयआरआर काढा. आता दोन आकडे एका मापाचे झाले. साध्या निर्देशांकात लाभांश नसतो, त्यामुळे त्याच्याशी तुलना केली तर तुमचा फंड उगाच हुशार दिसतो. याच कारणाने बाजाराची नियामक संस्था सेबीने १ फेब्रुवारी २०१८ पासून फंडांना टीआरआयशीच तुलना करायला लावली आहे.

तीन वर्षांचा, पाच वर्षांचा असा एकच आकडा पाहताना आणखी एक सांभाळायचं: तो दोन टोकांच्या तारखांवर लटकलेला असतो. निफ्टी ५० मार्च २०१७ अखेर ९,१७३.७५ होता आणि ३१ मार्च २०२० ला ८,५९७.७५. तीन वर्षांचा वार्षिक दर उणे २.१%. मार्च २०१८ अखेर १०,११३.७० आणि ३१ मार्च २०२१ ला १४,६९०.७०: तीन वर्षांचा दर अधिक १३.३%. (दोन्हींत लाभांश धरलेला नाही.) निर्देशांक तोच, खिडकी फक्त एका वर्षाने सरकली. म्हणून जिथे मिळेल तिथे रोलिंग परतावा बघा. त्यात प्रत्येक दिवसापासून सुरू होणारे तीन-तीन वर्षांचे सगळे तुकडे मोजलेले असतात.

कमी काळाच्या एक्सआयआरआरला तर अजिबात भाव देऊ नका. १ लाखाचे तीस दिवसांत १,०४,००० झाले की एक्सआयआरआर ६१% दिसतो. ९७,००० झाले की उणे ३१%. दोन्हींत गणित बरोबर. महिन्याची चाल वर्षभर अशीच चालेल असं धरून ते केलेलं आहे. फंडांच्या माहितीपत्रकातही वर्षाच्या आतले परतावे साधारणपणे वार्षिक करून दाखवत नाहीत, लिक्विड फंडांसारखे अपवाद सोडले तर. नवी एसआयपी असेल तर पहिलं वर्ष तो आकडा झाकून ठेवा. दहा वर्षं चाललेल्या एसआयपीचा एक्सआयआरआर एका वाईट महिन्याने एखाद-दोन टक्के हलतो, तीन महिने झालेल्या एसआयपीचा चाळीस टक्केही हलेल.

अ‍ॅपचा आणि तुमच्या शीटचा आकडा जुळत नसेल तर गणितावर शंका घेण्याआधी नोंदी तपासा. दोष जवळजवळ नेहमी तिथे असतो.

सर्वांत आधी लाभांश. आयडीसीडब्ल्यू, म्हणजे लाभांश वाटणाऱ्या, पर्यायात १ लाख गुंतवले, तीन वर्षं दरवर्षी ७,००० बँकेत आले आणि आज मूल्य १,०३,००० आहे. बँकेत आलेले पैसे अ‍ॅपला माहीत नसतील तर ते वार्षिक १% दाखवेल; ते धरले की ७.९%. पर्याय पुनर्गुंतवणुकीचा असेल तर उलटी चूक होते: फंडाने दिलेला आणि परत फंडातच गेलेला लाभांश काही अ‍ॅप नवीन गुंतवणूक म्हणून मोजतात, आणि भरलेली रक्कम फुगून परतावा आटतो. तुमच्या खिशातून काही गेलं नाही, हातात काही आलं नाही, तर शीटमध्ये त्याची ओळच नको.

मग स्विच. रेग्युलर (वितरकामार्फतच्या) प्लॅनमधून डायरेक्टमध्ये (थेट फंडाकडून घ्यायच्या) गेलात, तेव्हा २ लाखांचे ३.२ लाख झालेले होते. विवरणात ही जुन्या फंडातून विक्री आणि नव्यात खरेदी. अ‍ॅप आता ‘गुंतवणूक ३.२ लाख, नफा शून्य’ पासून मोजायला लागतं आणि आधीचा १.२ लाखांचा नफा पडद्यावरून गायब होतो. करासाठी ही विक्रीच आहे, त्यामुळे नव्या फंडाची खरेदी किंमत म्हणून ३.२ लाख योग्यच. पण ‘माझ्या पैशांचं काय झालं’ याचं उत्तर हवं असेल तर स्विचची दोन्ही टोकं गाळून पूर्ण पोर्टफोलिओचा एक्सआयआरआर काढा.

शेअर असतील तर बोनस आणि विभाजन. एकास एक बोनस मिळाला, भाव निम्मा झाला, पण शेअरांची संख्या अ‍ॅपमध्ये जुनीच राहिली तर रातोरात ५०% तोटा दिसतो. एका डीमॅटमधून दुसऱ्यात हलवलेल्या शेअरांची खरेदी किंमत बहुतेक वेळा कोरी किंवा शून्य येते; ती जुन्या काँट्रॅक्ट नोटवरून (ब्रोकरने दिलेल्या व्यवहाराच्या पावतीवरून) हाताने भरावी लागते, तारखेसकट. फक्त किंमत भरली आणि तारीख हस्तांतराची राहिली, तर एकूण परतावा बरोबर आणि एक्सआयआरआर भलताच, असं विचित्र चित्र दिसतं. हे दिसलं की तारखेवरच बोट ठेवायचं.

आणि विकून टाकलेलं. पुष्कळ अ‍ॅप डीफॉल्टमध्ये फक्त आज हाती असलेल्या गुंतवणुकींचा परतावा दाखवतात. तोट्यात विकलेले तीन फंड गेले, नफ्यातले दोन उरले, पडदा हिरवागार. पूर्ण इतिहासाचा पर्याय सेटिंगमध्ये शोधा, नसेल तर शीटला पर्याय नाही. पोर्टफोलिओचा एक्सआयआरआर म्हणजे फंडांच्या एक्सआयआरआरची सरासरीही नव्हे. १०,००० च्या फंडाला ४०% आणि १० लाखांच्या फंडाला ६% असेल तर सरासरी २३ दिसेल. खरा आकडा सहाच्या थोडासा वर. सगळ्या ओळी एकत्र करून एकदाच काढायचा.

हीच शीट एलआयसीच्या वगैरे एंडोमेंट (विमा अधिक बचत) पॉलिसीला लावली तर डोळे उघडतात. वर्षाला ५०,००० हप्ता, वीस वर्षं, शेवटी १८ लाख. ‘दहा लाखांचे अठरा लाख’ ऐकायला भक्कम वाटतं, एकूण परतावा ८०%. वार्षिक दर ५.३%. त्यात विम्याचं संरक्षणही आहे, हे धरून ठरवा. पण ठरवताना ५.३ हाच आकडा समोर हवा. एनपीएसच्या (राष्ट्रीय पेन्शन योजनेच्या) विवरणात एक्सआयआरआर छापलेला असतो. तो स्वतः पडताळताना तुम्ही नोकरी करता त्या मालकाचा वाटाही भरणा म्हणून उणे चिन्हाने लिहा, नाहीतर आकडा अवास्तव फुगेल.

बँकेच्या दरांशी तुलना करताना एक बारीक फरक राहतो. एक्सआयआरआर वर्षाचा प्रभावी दर असतो, बँकेचा जाहीर दर तसा नसतो. ७% ची एफडी तिमाही चक्रवाढीने ७.१९% पडते. गृहकर्जाचा ८.५% दर मासिक हिशेबाने ८.८४% पडतो. ‘कर्ज फेडू की एसआयपी वाढवू’ हा हिशेब करताना ८.८४ घ्या.

परदेशातून भारतात गुंतवणाऱ्यांनी हा हिशेब स्वतःच्या चलनात करावा. डॉलर ७५ रुपये असताना १०,००० डॉलर पाठवले, म्हणजे ७.५ लाख. दोन वर्षं १२% ने वाढून ९,४०,८०० झाले, आणि डॉलर ८४ वर गेला. हाती ११,२०० डॉलर, वार्षिक ५.८३%. प्रत्येक हप्ता त्या-त्या दिवसाच्या दराने डॉलरमध्ये लिहायचा; शेवटचा रुपयातला एक्सआयआरआर आजच्या दराने बदलता येत नाही.

राहिला कर. अ‍ॅपवरचे हे सगळे आकडे साधारणतः करापूर्वीचे, आणि एक्झिट लोडही (लवकर पैसे काढल्यास फंड कापतो ते शुल्क) न कापलेले. इक्विटी फंडावर २३ जुलै २०२४ पासून वर्षाच्या आतल्या नफ्याला २०%, त्यापुढच्या नफ्याला वर्षाकाठी १.२५ लाखांच्या वर १२.५% कर आहे. एफडीचं व्याज तुमच्या टप्प्यानुसार उत्पन्नात धरलं जातं. वरच्या प्रश्नातले ८,०९३ आज काढायचे ठरवले, तर वर्ष पूर्ण झालेला हप्ता फार तर पहिला एकच. बाकी अकरा हप्त्यांच्या नफ्यावर २०% कर लागेल, आणि फंडाला वर्षाच्या आत १% लोड असेल तर तोही त्यांच्या विक्री मूल्यावर कापला जाईल. शीटच्या शेवटच्या ओळीत १,२८,०९३ ऐवजी या दोन्ही कपातींनंतर बँकेत येणारी रक्कम घाला, एफडीचं व्याजही कर कापून घ्या, आणि मग घरच्यांसमोर दोन आकडे ठेवा.